बीजिंगचं योंगहेगोंग कसं पाहावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बीजिंगला जाणारे बहुतेक जण चिनी भिंत, फॉरबिडन सिटी, स्वर्गमंदिर असा ठरलेला फेरा करतात आणि वेळ उरला तर ‘लामा टेंपल’ म्हणून योंगहेगोंगला तासभर देतात. त्या तासात उदबत्ती लावून होते, गर्दीबरोबर पुढे सरकून होतं आणि शेवटच्या उंच मूर्तीसमोर मान वर करून झाली की बाहेर. पण ही जागा आधी राजपुत्राचा वाडा होती, मग राजवाडा झाली आणि शेवटी तिबेटी पंथाचा बौद्ध मठ. हे तिन्ही थर आजही एकाच आवारात दिसतात. कुठे थांबायचं आणि काय शोधायचं हे ठाऊक असेल तर अडीच तासांत ते नीट पाहता येतात.

जाण्याआधी एवढा इतिहास माहीत असू द्या

छिंग घराण्याचा सम्राट कांगशी याच्या चौथ्या मुलासाठी, यिनझेनसाठी, हा वाडा 1694 मध्ये उभा राहिला. 1722 मध्ये यिनझेन गादीवर आला आणि योंगझेंग सम्राट म्हणून ओळखला जाऊ लागला. तो फॉरबिडन सिटीत राहायला गेला. सम्राट ज्या घरातून गादीवर गेला त्या घरात दुसऱ्या कुणी संसार थाटायचा नाही, असा रिवाज होता. म्हणून 1725 मध्ये वाड्याला राजवाड्याचा दर्जा मिळाला आणि ‘योंगहेगोंग’ हे नाव पडलं. 1735 मध्ये योंगझेंग वारला, तेव्हा त्याची शवपेटी इथे आणून ठेवली आणि त्यासाठी छपरांवरची राजपुत्राच्या दर्जाची हिरवी कौलं काढून सम्राटाची पिवळी कौलं चढवली. पुढे 1744 मध्ये त्याच्या मुलाने, चियानलोंग सम्राटाने, या जागेचा गेलुग पंथाचा मठ केला. दलाई लामा आणि पंचेन लामा याच पंथाचे. चियानलोंगचा स्वतःचा जन्मही 1711 मध्ये याच वाड्यात झाला असं मानलं जातं.

वडिलांच्या घराचं मंदिर करण्यात भक्ती होती, तसं राजकारणही होतं. तिबेट आणि मंगोलिया ताब्यात ठेवायचे तर तिथल्या लामांना राजधानीत मानाची जागा हवी, हे चियानलोंगने पक्कं ओळखलं होतं. त्याने ते दगडावर कोरूनही ठेवलं आहे. तो शिलालेख वाटेत लागेल.

1. व्हिसा आणि पासपोर्ट

चीनमध्ये काही देशांच्या नागरिकांना दहा दिवसांचा विनाव्हिसा ट्रान्झिट मिळतो. ती सवलत भारतीय पासपोर्टला नाही. इंटरनेटवरचे परदेशी प्रवाशांचे व्हिडिओ पाहून यात फसणारे बरेच आहेत. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ‘एल’ प्रकारचा व्हिसा लागतो. अमेरिका, सिंगापूर किंवा आखातात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनाही हाच नियम. नियम पासपोर्टचा आहे, राहण्याच्या देशाचा नाही.

अर्जासोबत साधारण हे लागतं:

- किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा 33 × 48 मिलिमीटरचा फोटो. स्टुडिओवाला न विचारता नेहमीचा पासपोर्ट आकार काढून देतो, म्हणून माप कागदावर लिहून द्या
- भरलेला ऑनलाइन अर्ज
- जाण्यायेण्याचं विमान आणि हॉटेल यांचं बुकिंग
- बँकेचं स्टेटमेंट

तिथे पोहोचल्यावर मूळ पासपोर्ट कायम जवळ ठेवा. तिकीट त्याच्याच नंबरावर निघतं आणि दारावर तोच पाहतात. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही.

2. फोन आणि पैसे

भारतातून जाणाऱ्यांची खरी अडचण इथे होते. चीनमध्ये रोजचे सगळे व्यवहार वुईचॅट आणि अलीपे या दोन अ‍ॅपवर चालतात आणि भारताने 2020 मध्ये दोन्हींवर बंदी घातली आहे. भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवर ती मिळत नाहीत, आणि चीनमधल्या वायफायवर गूगलचं स्टोअर उघडत नाही. म्हणजे भारतातून गेलेला माणूस दोन्हीकडून अडतो. बाहेरच्या देशात राहणाऱ्यांनी ती तिथूनच घालून, पासपोर्टने ओळख पटवून आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडून निघावं. भारतातून थेट जाणाऱ्यांनी रोख रकमेवर विसंबायची तयारी ठेवावी.

युआनच्या 10, 20 आणि 50 च्या नोटा घ्या. 100 ची नोट छोट्या दुकानात पुढे केली की सुट्टे नसतात. चीनमध्ये दुकानदाराने रोख नाकारणं नियमाविरुद्ध आहे, तेव्हा ‘फक्त कोड स्कॅन करा’ असा इशारा झाला तरी शांतपणे नोट पुढे करा, बहुतेक वेळा घेतात. यूपीआयचा विचार सोडून द्या.

आपल्या कंपनीचं रोमिंग चालू ठेवा. रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. बुकिंगचा ओटीपीही भारतीय नंबरावरच येतो. भाषांतराचं अ‍ॅप आणि त्यातली चिनी भाषा निघण्याआधी ऑफलाइन उतरवून घ्या.

3. तिकीट

तिकीट 25 युआनचं आहे, म्हणजे साधारण 300 रुपये. बुकिंग मंदिराच्या अधिकृत वुईचॅट खात्यावरून होतं आणि ते नावानिशी असतं. वुईचॅट नसेल तर हॉटेलच्या काउंटरवर पासपोर्ट देऊन दोन-तीन दिवस आधीच काढून द्यायला सांगा. ही तिथे नेहमीची मदत आहे, मागायला संकोच नको. परदेशी प्रवाशांना तिकिटं विकणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइटवरही मिळतं, थोडं महाग पडतं.

नाव भरताना काळजी घ्या. मराठी पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. बुकिंगमध्ये नुसतं नाव आणि आडनाव टाकलं तर दारावर नावं जुळत नाहीत. पासपोर्टवर आहे तसंच, सगळं भरा. पासपोर्ट नंबरातला शून्य आणि ‘ओ’ यांचा घोळही तपासून घ्या.

मंदिराबाहेर तिकीट देतो, रांग टाळून आत नेतो म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे वळू नका. तिकीट पासपोर्टला बांधलेलं असल्यामुळे त्यांच्या तिकिटावर तुम्ही आत जाऊच शकत नाही.

4. दिवस आणि वेळ कशी निवडाल

एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी 9 ते संध्याकाळी 5, नोव्हेंबर ते मार्च 9 ते 4:30 अशा वेळा असतात. बंद होण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश थांबतो. सणाच्या दिवसांत वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलकडून खात्री करून घ्या.

गर्दीचे दिवस ओळखण्याची सोपी युक्ती आपल्या घरातच आहे. चिनी पंचांगात महिना अमावास्येला सुरू होतो आणि भाविक पहिल्या व पंधराव्या दिवशी उदबत्ती लावायला येतात. म्हणजे भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात अमावास्या आणि पौर्णिमा पाहा, एखाद्या दिवसाच्या फरकाने तेच गर्दीचे दिवस. शांतपणे पाहायचं असेल तर ते टाळा, भक्तीचा माहोल हवा असेल तर मुद्दाम त्याच दिवशी जा. चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी पहाटेपासून रांग लागते. त्या दिवशी नवख्याने जाऊ नये. मेच्या पहिल्या आठवड्यातली कामगार दिनाची सुटी आणि 1 ते 7 ऑक्टोबरची राष्ट्रीय सुटी याही टाळण्यासारख्या.

सगळ्यात देखणा काळ ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. प्रवेशाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना गिंको वृक्ष आहेत, त्यांची पानं तेव्हा पिवळीधमक होतात. मागे पिवळी कौलं आणि लाल भिंती. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि एका दालनातून दुसऱ्याकडे जाताना सतत उघड्या चौकातून चालायचं असतं. हातमोजे, कानटोपी आणि जाड तळव्याचे बूट हवेतच.

दिवस कोणताही असो, 9 ला दार उघडताना तिथे असा. 10:30 नंतर सहलींचे गट येऊ लागतात.

5. तिथे पोहोचणं

मेट्रोसारखा दुसरा पर्याय नाही. लाइन 2 आणि लाइन 5 जिथे मिळतात त्या स्थानकाचं नावच योंगहेगोंग आहे. कॅपिटल विमानतळावरून थेट यायचं तर एअरपोर्ट एक्स्प्रेसने (25 युआन) डोंगझिमेनला उतरा आणि लाइन 2 पकडा, पुढचंच स्थानक. शहरातल्या मेट्रोचं भाडं अंतरानुसार 3 युआनपासून सुरू होतं. प्रत्येक स्थानकावर बॅग मशीनमधून जाते, त्यासाठी गर्दीच्या वेळी दहा मिनिटं हाताशी ठेवा.

एफ क्रमांकाच्या दाराने बाहेर या. इथे एक चूक हमखास होते. बाहेर पडताच लाल भिंत दिसते आणि माणूस तिथेच दार शोधू लागतो. स्थानक मंदिराच्या उत्तरेला, म्हणजे पाठीमागे आहे आणि प्रवेश दक्षिणेकडून. भिंत डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे सरळ चालत राहा, पाच-सात मिनिटांत दार येतं. त्या वाटेवर उदबत्त्या, माळा आणि भविष्य सांगणाऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. काहीही विकत घेऊ नका, कारण पुढच्या टप्प्यात आहे.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर हिशोब करून घ्या. मंदिराची लांबी दक्षिण-उत्तर सुमारे 480 मीटर. शेवटपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे किलोमीटरभर, शिवाय स्थानकापासूनचं चालणं वेगळं. प्रत्येक दालन जोत्यावर आहे आणि उंबरे घोट्याच्या वर येतात.

6. उदबत्ती: आत मोफत मिळते

तपासणीतून आत गेल्यावर गिंकोंची वाट संपते तिथे झाओताय दरवाजा लागतो. त्याच्या आसपास उदबत्त्या वाटपाची जागा आहे. तिकिटावर आलेल्या प्रत्येकाला मंदिराकडून उदबत्ती फुकट मिळते. बाहेरच्या दुकानातले ‘सम्राटाची उदबत्ती’ म्हणून खपवलेले जाडजूड पुडे घेण्यात काही अर्थ नाही. घरून उदबत्ती, कापूर, नारळ, हार असं काही नेऊ नका. तिथे ते वाहण्याची पद्धत नाही आणि देवासमोर ज्वाला पेटवणं तर पूर्ण मना आहे. ही सगळी इमारत लाकडी आहे.

पद्धत अशी:

- एका धूपदानात तीन काड्या. तीनच घ्या, मूठभर नको. बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यासाठी एकेक असा अर्थ सांगतात.
- पेटवण्याची जागा चौकातच असते. ज्योत उठली तर हाताने वारा घालून किंवा काड्या हलक्या हलवून विझवा, तोंडाने फुंकर मारू नका.
- दोन्ही हातांनी धरून कपाळापर्यंत न्या, दालनाकडे तोंड करून तीनदा वाका.
- धूपदानात ठेवा आणि बाजूला व्हा. पेटत्या काड्या डोक्याच्या वर धरून गर्दीतून जाऊ नका. गर्दीत हमखास कुणाचा तरी कोट भाजतो.
- दालनाच्या आत पेटती उदबत्ती नेता येत नाही.

गुडघे टेकायला समोर गाद्या असतात. आपण घरी करतो तसा नमस्कार चालतो. तिबेटी आणि मंगोल भाविक पूर्ण साष्टांग घालतात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका. चपला-बूट काढायचे नसतात, आणि आपल्याकडच्या सवयीने दारात काढून ठेवलेत तर सुरक्षारक्षक धावत येतो. उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. दालनाच्या आत फोटो काढायचे नाहीत, चौकात हवे तितके काढा. लामांचे फोटो विचारल्याशिवाय नको.

7. दालनं कशी पाहायची

इथे चौकामागून चौक लागतात, जसे पेशवाईतल्या मोठ्या वाड्यात बाहेरच्या कचेरीच्या चौकातून आतल्या राहत्या चौकाकडे जायचो तसे. पुढची दालनं लोकांना भेटण्याची, मागची घरची, आणि सगळ्यात मागचं मात्र खास मंदिरासाठी बांधलेलं. हा क्रम लक्षात ठेवला की पाच दालनं एकसारखी वाटत नाहीत. प्रत्येक दारावरची पाटी वर पाहा: मांचू, चिनी, तिबेटी आणि मंगोल अशा चार भाषांतलं लिखाण आहे. बीजिंगच्या साध्या मंदिरात हे दिसत नाही.

*योंगहे दरवाजा.* वाड्याचं हे मूळ मुख्य दार. आता मध्ये हसरा, पोट सुटलेला मैत्रेय, म्हणजे भविष्यात येणारा बुद्ध, बसला आहे आणि दोन्ही बाजूंना चार लोकपाल. मूर्तीच्या मागे जायला विसरू नका: उत्तरेकडे तोंड करून वेइतुओ हा धर्मरक्षक उभा आहे. बहुतेक लोक समोरून नमस्कार करून बाजूने निघून जातात आणि तो राहूनच जातो. दाराबाहेर काशाच्या सिंहांची जोडी आहे आणि चौकात 1747 सालचं भलंमोठं काशाचं धूपपात्र.

*शिलालेखाचा मंडप.* हाच तो दगड. चियानलोंगने 1792 मध्ये लिहिलेला ‘लामांविषयी’ हा लेख चार बाजूंना चार भाषांत कोरला आहे. लामा पंथाला आश्रय का दिला, मंगोलांना त्यामुळे कसं शांत ठेवता येतं, आणि अवतारी लामा निवडण्यात काय गैरप्रकार चालतात, हे त्याने उघड मांडलं आहे. त्याच सुमारास अवतार निवडण्यासाठी चिठ्ठ्या टाकायचे दोन सोन्याचे कलश त्याने ठरवून दिले: एक ल्हासाला आणि एक इथे, मंगोल लामांसाठी. लिपी येत नसली तरी चारही बाजूंनी फिरून पाहा. एकाच मजकुराच्या चार लिप्या शेजारी शेजारी पाहायला मिळणं दुर्मीळ आहे. जवळच छिंगच्या आधीच्या मिंग घराण्याच्या काळातला काशाचा सुमेरू पर्वत आहे. तळाशी समुद्राच्या लाटा, माथ्यावर देवांची वस्ती.

*योंगहे दालन.* राजपुत्र इथे पाहुण्यांना भेटायचा. आता भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांचे बुद्ध आहेत, मध्ये शाक्यमुनी, बाजूच्या भिंतींकडे अठरा अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोहोचलेले बुद्धाचे शिष्य. गर्दी इथे सर्वांत जास्त तुंबते. पाच मिनिटं पुरे.

*योंगयोउ दालन.* इथे मात्र थांबा. राजपुत्राच्या राहत्या घराचा हा भाग आणि 1735 मध्ये त्याची शवपेटी ठेवली ती जागा हीच. बाहेरून पाच गाळ्यांची इमारत दिसते, पण खोलीच्या दिशेने ती दुप्पट आहे, दोन दालनं पाठीला पाठ लावून एक केलेली. आतून छताकडे पाहिलं की जोड कळतो. मध्ये अमितायुष, बाजूंना भैषज्यगुरू आणि सिंहनाद, तिघेही बुद्धच. बीजिंगच्या मध्यभागी ही तिन्ही संस्कृत नावं जशीच्या तशी ओळखीची निघतात.

*फालुन दालन.* धर्मचक्राचं दालन. आत शिरण्याआधी चौकात उभं राहून छप्पर पाहा. चिनी छपरावर पाच छोटे मनोरे उठवले आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर तिबेटी धाटणीचा स्तूप. मूळ घराला पुढे-मागे जोड देऊन मठाच्या गरजेपुरतं वाढवलं आहे आणि वरच्या मनोऱ्यांच्या झरोक्यांतून उजेड थेट मूर्तीवर पडतो. मूर्ती आहे गेलुग पंथाचा संस्थापक त्सोंगखापा याची, सहा मीटरहून उंच. समोर बैठ्या बाकांच्या रांगा दिसतात त्या लामांच्या पाठासाठी. हा मठ चालता आहे. सकाळी लवकर आलात तर तिबेटी भाषेतलं पठण कानावर पडतं. पाठ चालू असेल तर भिंतीकडेने, घड्याळाच्या दिशेने फिरा, समोरून आडवं जाऊ नका.

त्सोंगखापाच्या पाठीमागे गेल्याशिवाय दालन सोडू नका. तिथे रक्तचंदनी रंगाच्या जड लाकडात कोरलेला पाचशे अर्हतांचा डोंगर आहे. अर्हत सोनं, चांदी, तांबं, लोखंड आणि कथील अशा पाच धातूंचे. लुटालुटीच्या काळात काही गेले, आज 449 उरले आहेत. लाकडाच्या कपाऱ्यांत, पुलांवर, गुहांच्या तोंडाशी बोटाएवढी माणसं बसली आहेत. डोळे उजेडाला सरावायला मिनिटभर लागतं, त्याशिवाय काही दिसत नाही. जवळच एक कोरीव लाकडी कुंड आहे, चियानलोंगला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी त्यात न्हाऊ घातलं असं सांगतात. लोक त्यात नाणी टाकतात. तुम्ही टाकू नका, लाकूड खराब होतं.

*वानफू गे.* मुख्य दालनांतली शेवटची, तीन माळ्यांची इमारत. आतला मैत्रेय पांढऱ्या चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेला आहे: एकूण 26 मीटर, त्यातले 18 मीटर जमिनीवर आणि 8 मीटर जमिनीखाली. सातव्या दलाई लामांनी हे खोड नेपाळकडून मिळवून चियानलोंगला भेट दिलं आणि ते बीजिंगला पोहोचायला तीन वर्षं लागली. खोडाचा खालचा भाग जमिनीत रोवल्यामुळे एवढी उंच मूर्ती इतकी वर्षं सरळ उभी आहे. मूर्ती आधी उभी राहिली, इमारत तिच्याभोवती नंतर बांधली. 1990 मध्ये तिची गिनीज बुकात नोंद झाली.

दारातून आत येताच सगळे तिथेच थबकतात आणि दाराशी कोंडी होते. तिथे थांबू नका, तिथून चेहरा धड दिसतही नाही. आधी पावलांशी जा, वस्त्राच्या चुण्या जवळून पाहा. मग बाजूला सरकून कोपऱ्यातून वर पाहा, तिथून खांदे आणि चेहरा एका नजरेत येतात. अजिंठा-वेरूळला मैत्रेय पाहिलेल्यांना फरक लगेच जाणवेल: तिथे तो बहुतेक ठिकाणी इतर मूर्तींच्या पंगतीत असतो, इथे अख्खी इमारत एकट्या त्याच्यासाठी आहे. बाहेर आल्यावर मागे वळून पाहा. दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांना जोडणारे लाकडी पूल हवेत तरंगल्यासारखे आहेत. मागे अजून एक दुमजली इमारत आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. पाय दुखत असतील तर बसायला तीच जागा बरी.

8. परत येताना बाजूची दालनं

जाताना मधली वाट धरा, येताना कडेची. बहुतेक लोक उलट करतात किंवा कडेची दालनं सोडूनच देतात.

वानफू गेच्या आग्नेयेला झाओफो लोउ ही छोटी इमारत आहे. चियानलोंगच्या आईचं देवघर म्हणून ती वापरात होती. आतला नानमू या चिनी झाडाच्या लाकडाचा देव्हारा जमिनीपासून छतापर्यंत ड्रॅगनांनी वेढलेला आहे. पाचशे अर्हतांचा डोंगर, चंदनाचा मैत्रेय आणि हा देव्हारा ही योंगहेगोंगची लाकडातली तीन रत्नं मानतात. हे तिसरं सगळ्यात जास्त लोकांकडून चुकतं, कारण दार छोटं आहे.

फालुन दालनाच्या दोन बाजूंना पंचेन लोउ आणि दीक्षेचा जिएताय लोउ आहेत. चियानलोंगच्या सत्तरीच्या सोहळ्यासाठी 1780 मध्ये सहावे पंचेन लामा आले, तेव्हाच्या या इमारती. पंचेन लामा त्याच वर्षी बीजिंगमध्ये देवीच्या रोगाने वारले. आता तिथे मठातल्या वस्तू मांडल्या आहेत.

मठाच्या चार विद्याशाखांची दालनं चौकांच्या कडेला आहेत: सूत्रं, तंत्र, वैद्यक आणि कालचक्र, म्हणजे ज्योतिष-गणित. दरवाजे उघडे असतील तर डोकावा. पूर्वेकडच्या एका दालनात यमांतकासारख्या उग्र देवता आहेत आणि काही मूर्तींवर कापड पांघरलेलं आहे. त्या तांत्रिक युगुलमूर्ती. कापड उचलून पाहायचा प्रयत्न करू नका.

9. माळ घ्यायची असेल तर

गेल्या काही वर्षांत तरुण चिनी मुलंमुली इथे लोटतात ती हातातल्या माळेसाठी. उदबत्तीची राख मिसळलेले रंगीत काचमणी, प्रत्येक रंगाला वेगळा अर्थ: परीक्षा, पैसा, लग्न, तब्येत. मंदिराच्या आवारातल्या दुकानाची रांग सुटीच्या दिवशी तास-दीड तासही होते. माळ हवीच असेल तर दोनच मार्ग: दार उघडताच आधी दुकानात जाऊन मग दालनं पाहा, किंवा जेवणाच्या वेळेला रांग थोडी ओसरते तेव्हा जा. दालनं अर्धी सोडून रांगेत उभं राहणं हा सौदा वाईट आहे.

रांगेत उभं राहण्याआधी मांडलेल्या नमुन्यातून रंग ठरवून फोटो काढून ठेवा, काउंटरवर तो दाखवला की भाषेची अडचण येत नाही. घेतलेली माळ अभिमंत्रित करून देण्याची वेगळी खिडकी असते, त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत. रस्त्यावर ‘आतलीच माळ, रांगेशिवाय’ म्हणून विकणाऱ्यांकडून घेऊ नका.

10. बाहेर पडल्यावर

स्वच्छतागृहात कागद नसण्याची शक्यता धरून टिश्यू सोबत ठेवा. आत पोटभर जेवणाची सोय नाही. बाहेर पश्चिमेच्या वुडाओयिंग गल्लीत कॅफे आणि शाकाहारी हॉटेलं आहेत. शाकाहारी मंडळींनी ‘मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्सा यापैकी काही नको’ असं वाक्य हॉटेलवाल्याकडून चिनीत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी हमखास मांसाच्या रश्श्यात शिजवून येते. बौद्ध पद्धतीच्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात कांदा-लसूणही नसतो, तेव्हा जैन मंडळींचीही तिथे सोय होते, कंदमुळांबद्दल मात्र विचारून घ्या.

रस्ता ओलांडून ग्वोझिजियान गल्लीत शिरलात तर कन्फ्यूशियसचं मंदिर आणि जुनं राजविद्यापीठ एकाच तिकिटावर पाहता येतं. दोन्ही सोमवारी बंद असतात, म्हणून दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर योंगहेगोंगचं बुकिंग सोमवार सोडून घ्या.